ऑगस्टातली जाळी: सिॲटलकडे नव्याने आलेल्यांसाठी ब्लॅकबेरी

मी इकडे आल्यावर पहिली ब्लॅकबेरी फेब्रुवारीत खाल्ली, तिथेच चुकलं. नवी नोकरी, रिकामं अपार्टमेंट, बाहेर दिवसभर रिपरिप, आणि दुकानात प्लास्टिकच्या डबीत ओळीने बसलेली काळीभोर, चकचकीत फळं. घरी येऊन एक तोंडात टाकली. आंबट पाणी आणि दातांत बिया, याखेरीज हाती काही लागलं नाही. ‘दिसायला सगळं छान असतं यांचं’ असा शेरा मारून मी ते प्रकरण मिटवलं.

ऑगस्टमध्ये आई आली. आमचं गाव पोलादपूरकडचं, त्यामुळे काटेरी झुडूप दिसलं की तिचे पाय आपोआप थांबतात. संध्याकाळी नदीकाठच्या ट्रेलवर चालता चालता ती अशीच थांबली.

“अरे, ही जाळी बघ. करवंदीसारखीच.”

“आई, हात नको लावूस. कुणाची तरी असेल.”

“रानातल्या जाळीला कसला रे मालक?” असं म्हणेपर्यंत एक फळ तिच्या तोंडात गेलंसुद्धा. मग दुसरं. मग तिने पिशवीतला फराळाचा डबा काढला, त्यातले उरलेले शेंगदाणे माझ्या हातावर ओतले आणि डबा भरायला घेतला. “चीक नाही याला. करवंदापेक्षा बरंय,” एवढंच बोलली.

जाळीला मालक असतो की नसतो, त्याबद्दल पुढे लिहितोच. पण त्या डब्यातली फळं आणि फेब्रुवारीतली डबी यांचं नाव तेवढं एक होतं. दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी नवीन येतं आणि तेच तेच विचारतं, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतोय.

आधी जाळी ओळखा

इथे रस्त्याकडेला, रेल्वेच्या कडेने, ओढ्याकाठी, रिकाम्या प्लॉटवर जी माणसापेक्षा उंच काटेरी जाळी माजलेली दिसते, तिला ‘हिमालयन ब्लॅकबेरी’ म्हणतात. नाव ऐकून आपल्याला उगाच आपलेपणा वाटतो, पण हिमालयाशी तिचा काही संबंध नाही. ती मूळची आर्मेनिया आणि उत्तर इराणकडची. कॅलिफोर्नियातला ल्यूथर बरबँक हा नव्या नव्या फळजाती काढणारा माणूस. त्याने भारतातून आलेल्या बियांमधून ही वाढवली आणि 1885 साली ‘हिमालया जायंट’ नावाने बाजारात आणली. बिया भारतातून आल्या म्हणून हिमालय. पुढे पक्ष्यांनी बिया सगळीकडे नेल्या, फांदीचं टोक मातीला टेकलं की तिथेच मूळ फुटतं, आणि आज वॉशिंग्टन आणि ओरेगॉनमध्ये हिची गणती उपद्रवी तणात होते. ‘आपल्याकडून आलेलं’ हे सांगताना म्हणूनच आवाज जरा हळू ठेवावा.

ओळखायची खूण अशी: फांदी अंगठ्याएवढी जाड, गोल नव्हे तर कंगोरेदार. काटे मोठे, मागे वळलेले. पानं बहुधा पाच-पाचच्या पंजात, आणि पान उलटवलं की खालची बाजू पांढुरकी.

दुसरी एक जात दिसते, तिची पानं कोथिंबिरीसारखी कातरलेली असतात. फळ बरं असतं, थोडं उशिरा येतं. आणि तिसरी इथली खरी मूळची. ती जाळी करत नाही. जमिनीवरून बारीक दोरीसारखी सरपटते, पानं तीन-तीनची, काटे सुईसारखे बारीक. फळ करंगळीच्या पेराएवढं, जुलैमध्येच येऊन जातं. पण वास! हातात चार फळं असली तरी गाडीभर घमघमाट. या वेलीत नर आणि मादी वेगळ्या असतात, त्यामुळे काही वेलींना कधीच फळ धरत नाही. पहिली दोन वर्षं मी अशाच एका नर वेलीकडे आशेने बघत बसलो होतो.

मुलांना बरोबर नेत असाल तर आधी एक गोष्ट दाखवून ठेवा. ओलसर जागी याच जाळीतून एक वेल वर चढलेली असते, जांभळी फुलं आणि गुळगुळीत, लांबट, लालचुटुक फळं. ती विषारी आहे. ब्लॅकबेरी म्हणजे बारीक मण्यांचा गुच्छ. गुळगुळीत एकसंध फळ दिसलं, की मग ते लाल असो वा काळं, हात लावायचा नाही. ओरेगॉनच्या बाजूला किंवा खाली कॅलिफोर्नियात असाल तर तीन पानांची पण बिनकाट्याची ‘पॉयझन ओक’सुद्धा ओळखून ठेवा. तिच्या नुसत्या स्पर्शाने अंगावर फोड येतात.

कधी आणि कुठे

जुलैच्या शेवटी जाळीच्या उन्हाकडच्या बाजूला पहिली फळं काळी पडतात. खरा हंगाम म्हणजे ऑगस्ट. सप्टेंबरात पहिला नीट पाऊस झाला की खेळ संपला. फळं पाणी पितात, पचपचीत होतात आणि दोन दिवसांत बुरशी धरतात. म्हणजे इकडे राखी पौर्णिमा ते गणपती असा साधारण हिशेब मनात धरला तरी चालतं.

आता मालकाचं. जाळी रानटी असली तरी जमीन कोणाची तरी असते. खासगी कुंपणाआड जायचं नाही. सरकारी पार्कमध्ये बहुतेक ठिकाणी खाण्यापुरती तोडलेली चालतात, पण नियम प्रत्येकाचा वेगळा, म्हणून फाटकावरचा बोर्ड किंवा पार्कची वेबसाइट बघून घ्यावी. विकण्यासाठी मात्र कुठेच नाही.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न फवारणीचा. ही जाळी तण आहे, त्यामुळे ती मारायला तणनाशक फवारतात. रेल्वेलाइन, विजेचे मोठे खांब, हायवेचा बांध, या जागा मी पूर्ण सोडल्या आहेत. इतर कुठे ऐन ऑगस्टात पानं पिवळी, पिळवटलेली दिसली, पानांवर निळसर डाग दिसले किंवा सूचनेची पाटी दिसली तर सरळ पुढे चालायला लागा. ट्रेलच्या अगदी कडेची, गुडघ्याखालची फळंही नकोत. कुत्री फिरायला येतात, यापेक्षा जास्त सांगायला नको.

तोडायला जाताना

जुनी जीन्स, लांब बाह्यांचा जाड सुती शर्ट, बंद बूट. ओढणी घरी. नायलॉनचं किंवा विणलेलं काही नको. वळलेला काटा एकदा अडकला की तुम्ही मागे सरकाल तसा तो आणखी रुततो. अडकलात तर मागे न ओढता आधी थोडं पुढे सरकायचं, म्हणजे काटा आपोआप सुटतो. हे करवंद काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

दोन्ही हात मोकळे हवेत. दुधाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या कॅनचं वरचं तोंड कापायचं, मुठीत पट्टा ओवून कमरेला बांधायचं. भांडं उथळ असावं हे बरं, नाहीतर तीन-चार इंचांहून जास्त थर झाला की तळाची फळं स्वतःच्याच वजनाने चेंगरतात. सकाळी लवकर गेलात तर फळ थंड असतं, टिकतं जास्त, आणि ऑगस्टअखेरीला गांधीलमाशा उठायच्या आत काम उरकतं.

आता मुद्द्याचं. काळं म्हणजे पिकलेलं नव्हे. चकचकीत काळं फळ अजून आंबट असतं. पिकलं की त्याची चकाकी जाते आणि ते मंद, मऊसर काळं दिसायला लागतं. मणी फुगून टपोरे होतात. बोटांच्या चिमटीत धरून नुसतं हलवायचं, पिकलेलं असेल तर हातात पडतं. ओढावं लागलं तर सोडून द्या, परवा या. हे महत्त्वाचं अशासाठी की ब्लॅकबेरी तोडल्यावर पिकत नाही. आंब्यासारखी अढी घालायची सोय नाही. लाल तोडली तर लालच राहते, जास्तीत जास्त सुरकुतते. मी फेब्रुवारीत खाल्लेली डबी अशीच होती: दूरच्या प्रवासात टिकावी म्हणून चकाकी जायच्या आत तोडलेली.

घोसाच्या टोकाचं फळ आधी पिकतं आणि सहसा तेच सगळ्यात मोठं आणि गोड. त्यामुळे पहिल्या आठवड्यात टोकाची, पुढच्या आठवड्यात खालची, अशी एकाच जाळीवर दोन-तीन फेऱ्या होतात.

रास्पबेरीशी घोळ होत असेल तर फळ उलटं करा. रास्पबेरी तोडली की आतला दांडा झाडावर राहतो आणि फळ टोपीसारखं पोकळ निघतं. ब्लॅकबेरीचा पांढरा गाभा फळाबरोबर येतो आणि तो खायचाच असतो.

विकत घ्यायची तर

सगळ्यांनाच काट्यांत शिरायची हौस नसते. ऑगस्टात शेतकरी बाजारात छोट्या पुठ्ठ्याच्या टोपल्यांत मिळतात, त्या दुकानातल्यांपेक्षा केव्हाही सरस. विक्रेत्याला ‘आज सकाळी तोडलीत का?’ एवढं विचारा. काल दुपारची असेल तर ती आजच संपवायची. बहुतेक जण एक चाखायला देतात.

दुकानातली प्लास्टिकची डबी घेताना ती उचलून खालून बघायची. वरचा थर नेहमीच देखणा असतो, खरी गोष्ट तळाला असते. तळाशी रसाचा डाग, चिकटपणा किंवा करड्या रंगाचा कापूस दिसला तर ठेवून द्या. डबी हलकी हलवली की फळं सुटी हलली पाहिजेत. एकगठ्ठा सरकली तर खाली चेंगरलेली आहेत. हिवाळ्यातली बरीचशी मेक्सिकोतून येतात, ती शिजवायला ठीक.

स्वतः तोडायचं पण काटे नकोत, असं असेल तर स्नोहोमिश, स्कॅजिट आणि प्युअलपच्या खोऱ्यांत पुष्कळ शेतं लोकांना तोडू देतात. तिथे ‘चेस्टर’, ‘ट्रिपल क्राउन’ अशा बिनकाट्याच्या जाती तारेवर चढवलेल्या असतात, सासऱ्यांनाही खुर्ची टाकून तोडता येतात. घरून डबा नेलात तर आधी रिकाम्या डब्याचं वजन करून घ्या. एका ठिकाणी मी ते विसरलो आणि स्टीलच्या पातेल्याचेही पैसे ब्लॅकबेरीच्या भावाने मोजले. चूक माझीच.

आणि पोर्टलंडकडे जाणं झालं तर ‘मॅरियनबेरी’ शोधा. ही ओरेगॉनमध्ये 1956 साली बाहेर आलेली ब्लॅकबेरीची जात, मॅरियन काउंटीवरून नाव पडलेली. लांबट, पातळ सालीची, आंबटगोड आणि किंचित वाइनसारखी चव. इतकी नाजूक की प्रवास सोसत नाही, म्हणून बहुतेक माल गोठवला जातो नाहीतर जॅममध्ये जातो. ताजी मिळते ती जुलैतले काही आठवडे. तिचा ‘पाय’ (pie, म्हणजे पिठाच्या पारीत फळ भरून भाजलेला गोड पदार्थ) 2017 पासून ओरेगॉनचा अधिकृत राज्य-‘पाय’ आहे. आपल्याकडे पुरणपोळीला असा दर्जा द्यायला हरकत नाही, पण मग मोदकवाले ऐकणार नाहीत.

घरी आणल्यावर

पहिला नियम: धुवायची नाहीत. आपल्याला आणल्या आणल्या सगळं धुऊन ठेवायची सवय, पण मण्यांच्या खाचांत पाणी राहिलं की रातोरात बुरशी. आधी परातीत पसरा, फुटलेली आणि बुरशीची वेगळी काढा. एक नासकं फळ दुसऱ्या दिवशी शेजारच्या चारांना घेऊन बसतं. मग पसरट डब्यात कागदी टॉवेल घालून एकच थर, झाकण किंचित उघडं, आणि फ्रिजमध्ये आतल्या बाजूला. दोन दिवस उत्तम, तिसऱ्या दिवशी ठीक, चौथ्या दिवशी साखरांबा.

फ्रिजमधून काढल्यावर काही मणी पुन्हा लाल झालेले दिसतात. घाबरून फेकू नका. फळ ऊन असताना तोडलं आणि हाताळलं गेलं, मग एकदम गार झालं, की काही मण्यांचा रंग असा परततो. चवीला थोडी आंबट, पण खायला काही हरकत नाही.

खायच्या आधी रोवळीत घेऊन गार पाण्यात दोनदा बुचकळायची. नळाची धार सोडायची नाही, फुटतात. पंच्यावर पसरून पाणी टिपलं की झालं. आणि फ्रिजची गार खाऊ नका. अर्धा तास बाहेर राहू द्या, मग गोडी जीभेला कळते.

अळ्यांचं काय

हे लिहू की नको असा विचार केला, पण आपल्यात शाकाहारी पुष्कळ, तेव्हा आधीच सांगितलेलं बरं. पूर्व आशियातली एक बारीक फळमाशी 2008 साली कॅलिफोर्नियात सापडली आणि वर्षभरात वॉशिंग्टनपर्यंत पोचली. साधी फळमाशी सडक्या फळावर बसते, ही चांगल्या, पिकू लागलेल्या फळात अंडी घालते. आतली पांढरी अळी दोऱ्याच्या तुकड्याएवढी, बाहेरून काही कळत नाही. हंगाम जसा सरत जातो तसा प्रादुर्भाव वाढतो, म्हणून माझी ताजी खायची फळं ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातली.

तपासायचं असेल तर एक लिटर पाण्यात चार मोठे चमचे मीठ विरघळवा आणि मूठभर फळं अर्धा तास ठेवा. अळ्या असल्या तर बाहेर येतात. आल्या तर त्या जागेची फळं तुम्हाला नको वाटतील, किंवा सगळीच मिठाच्या पाण्यातून काढून, धुऊन शिजवायला घ्याल. खाण्यात गेल्या तर अपाय काही नाही, पण हे वाक्य मी आईला अजून सांगितलेलं नाही.

खायची कशी

पहिल्या दिवशी नुसती. वाटीभर, वरून किंचित सैंधव. करवंदाला मीठ लावायची जीभ असेल तर लगेच पटेल.

सरबत हा आमच्या घरातला सगळ्यात यशस्वी प्रकार. दोन वाट्या फळं, अर्धी वाटी साखर आणि पाव वाटी पाणी मंद आचेवर दहा मिनिटं. डावाच्या पाठीने ठेचून गाळणीतून गाळा, म्हणजे बियांची कटकट संपते. काळं मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घाला. गार पाण्याच्या ग्लासात तीन-चार चमचे. कोकम सरबताची आठवण येते, फरक इतकाच की रंग पाहून मुलं स्वतःहून मागतात.

साखरांब्याला किलोभर फळं, सहाशे ग्रॅम साखर, एका लिंबाचा रस. यात मूठभर अर्धवट लाल फळं मुद्दाम घालावी. त्यांत पेक्टिन जास्त असतं, साखरांबा लवकर धरतो. फ्रीजरमध्ये ठेवलेल्या बशीवर थेंब टाकून बोट फिरवलं आणि वाट तशीच राहिली की गॅस बंद. साखर इतकी कमी घातली आहे, तेव्हा फ्रिजमध्येच ठेवा आणि तीन आठवड्यांत संपवा.

श्रीखंडात ताजी फळं ठेचून घालू नका, चक्का पातळ होतो. रस आटवून मधासारखा दाट करायचा, पूर्ण गार करायचा आणि मग फेटायचा. वेलची घाला, केशर नको. केशराचे पैसे वाया जातात. दुधाच्या खिरीत तर ही घालूच नका. मी घातली होती. आंबटपणाने दूध फाटलं आणि जांभळं पनीर हाती आलं. खायच्या सोड्याशीही हिचं जमत नाही: सोडा घातलेल्या केकमध्ये फळाभोवती निळसर-हिरवी कडी उमटते. खायला चालतं, पण वाढदिवसाच्या केकला तो रंग नको.

कच्च्या ब्लॅकबेरीचं लोणचं होतं का, हे प्रत्येक कोकणी माणूस विचारतो. होत नाही. दोनदा केलं. करवंदाला गर असतो, कच्च्या ब्लॅकबेरीत नुसत्या बिया. मोहरी-हिंगाच्या फोडणीत वाळू खाल्ल्यासारखं लागतं. त्यापेक्षा पिकलेल्या फळांची गूळ, लाल तिखट आणि जिरं घालून चटणी करा, थालीपिठाबरोबर छान जाते.

उरलेली सगळी फ्रीजरमध्ये. इथे मात्र आधी धुवायची, पूर्ण कोरडी करायची आणि ताटात एकमेकांना न चिकटता पसरून रात्रभर गोठवायची. सकाळी दगडासारखी सुटी होतात, मग पिशवीत भरून हवा काढा. वर्षभर राहतात. आमच्या पाडव्याच्या श्रीखंडात गेल्या ऑगस्टातली जातात. ती आधी बाहेर काढून वितळू न देता गोठलेलीच पातेल्यात टाकायची, नाहीतर अर्धा रस ताटलीतच राहतो.

डागांचं तेवढं राहिलं. सुती कपड्यावर पडला तर साबण लावायच्या आत कपडा पातेल्याच्या तोंडावर ताणून बांधा आणि उकळतं पाणी फूटभर उंचीवरून डागावर ओता. ताजा डाग डोळ्यांसमोर जातो. रेशमी किंवा लोकरी कपड्यावर हा प्रयोग नको. बोटांना लिंबाची फोड चोळा. नखांच्या कडेचे डाग मात्र दोन दिवस राहतात, आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये टेबलापलीकडे कोणाची बोटं तशीच जांभळी दिसली तर जाळी कुठली ते विचारून बघा. सांगणार नाहीत.